यशोदाबाईच्या कड्याचा टाक

मी टाक बोलतोय. रोज सकाळी माझ्यापुढं हात जोडले जातात, हळद-कुंकू लागतं, तेव्हा मी गप्प असतो. आज बोलणार आहे आणि गोड बोलणार नाही. ज्यांना देव शांत आणि हसरा लागतो, त्यांनी दुसऱ्या देव्हाऱ्यापुढं जाऊन बसावं.

टाक म्हणजे काय, ते माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडच्या मेंढरं-शेळ्या पाळणाऱ्या घरांत मोठं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकून घेतात आणि देव्हाऱ्यात खंडोबाच्या शेजारी ठेवतात. मी मसाजीचा टाक. शिरड शहापूरच्या बाजूला एका वाडीत मसाजीचं घर आहे, त्या घराच्या कोनाड्यात माझी जागा. पण मी जन्मानं मसाजी नाही, देव तर नाहीच नाही. मी कडं होतो. मसाजीच्या बायकोच्या, यशोदाबाईच्या उजव्या हातातलं चांदीचं कडं.

यशोदाबाईच्या बापानं लेकीच्या लग्नात आमचा जोड घातला होता. एक डाव्या हातात, एक उजव्या. डावा जोडीदार पुढं तिच्या लेकीच्या लग्नात लेकीबरोबर गेला, मी मागं राहिलो. तेव्हा मी मनगटाला असा घट्ट बसलेलो होतो की साबण लावूनही निघत नव्हतो. त्या हातानं काय काय केलं म्हणून सांगू. शेळीची धार काढली, कोकरं खांद्यावर टाकली, भाकरी थापल्या, पाठीमागं अंबाडा घातला. आणि यातलं निम्मं काम तिनं कधी हाताकडं न बघता केलं. भाकरी थापताना तिची नजर दारातल्या लेकरावर असायची. धार काढताना ती शेळीच्या कुशीला कपाळ टेकवून बसायची आणि मसाजीशी भांडायची, तरी धार चरवीतच पडायची.

माणसांना वाटतं, काम डोळे करतात. अंधारात खाज सुटली तर तुमचं बोट बराबर तिथंच जातं, ते काय डोळ्यांनी बघून? हात कुठं आहे, वर आहे की खाली, दुमडलाय की ताठ, हे हाताचं हातालाच ठाऊक असतं. ते असतं तोवर कुणाला त्याची किंमत नसते आणि ते कमी होतं तेव्हा कुणाला त्याचं नाव सांगता येत नाही. यशोदाबाईलाही सांगता आलं नाही. केस पिकले, दात गेले, दंड सुकले, आणि एक दिवस पाठीमागं अंबाडा घालताना तिचा उजवा हात तिलाच सापडेना. म्हणजे हात होता, दुखत नव्हता, जोरही होता. पण डोळ्यांआड गेला की कुठं गेला ते कळत नव्हतं.

ती हे फक्त मसाजीला म्हणाली. "हात डोळ्याम्होरं असला तर माझा असतोय. मागं नेला की हरवतोय."

मसाजी मिशीत हसला. "कडं बांधलंय की त्याला. जातोय कुठं?"

म्हातारा थट्टा करत होता, पण बोलला ते खरं होतं. हात सुकला तसा मी सैल झालो होतो. तिनं हात वर केला की मी कोपराकडं घसरायचो, खाली केला की मनगटाच्या हाडावर येऊन बसायचो. हात वळवला की मीही कातडीवर वळायचो. मी कुठं आहे ते तिला लागायचं, त्यावरून हात कुठं आहे ते कळायचं. दोघांनी मिळून आम्ही हे शिकून घेतलं, कुणी शिकवलं नाही. धार काढायला बसताना ती आधी हात झटकायची, मी खाली यायचो, मग ती सडाला हात घालायची. कितीतरी वर्षं ह्या घरातल्या चहात पडलेलं दूध असं निघालेलं आहे.

मग मसाजी गेला. तापानं गेला, अंथरुणात गेला, फार हाल झाले नाहीत. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार दहाव्याची आहे.

ओढ्यावर बायका जमल्या. मसाजीची थोरली बहीण भिकाबाई पुढं होती. ती स्वतः बऱ्याच वर्षांची विधवा, त्यामुळं ह्या कामातली जाणती. यशोदाबाईचं कुंकू पुसलं, हिरव्या बांगड्या दगडावर फोडल्या. यशोदाबाईनं ते सगळं होऊ दिलं. भिकाबाईनं मला हात घातला, तेव्हा मात्र तिनं मनगट मागं ओढलं.

"अक्का, कडं राहू द्या. बांगड्या फुटल्या, जोडवी गेली, मी काय म्हनले का? कडं मला हाताला लागतंय."

"काहून लागतंय? आता कुणासाठी नटायचंय?"

चांदीचं कडं काढलंच पाहिजे असं कुठल्या पोथीत नाही. त्याच वाडीत चार विधवा हातात गोट-पाटल्या घालून हिंडतात. पण भिकाबाईची कडी तिच्या सासूनं काढली होती, मग यशोदेचं का राहावं, एवढाच तो शास्त्रार्थ. आणि मी इतका सैल होतो की ओढायचीसुद्धा गरज पडली नाही. हात खाली होता, बोटं जुळवली, मी घसरलो. मला त्या क्षणी घट्ट व्हायचं होतं, पण चांदीला तसं करता येत नाही.

आता खरी गंमत ऐका. आदल्या वर्षी ह्याच गावाच्या ग्रामसभेत ठराव झाला होता, की विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही. टाळ्या झाल्या, फोटो निघाला. हात वर करून ठराव मंजूर करणाऱ्यांत यशोदाबाईचा मुलगा प्रभू पहिल्या रांगेत होता. दहाव्याला तोच प्रभू ओढ्याच्या काठाला पाठ करून उभा होता. बायकांच्या कामात आपण काय बोलायचं, म्हणे. ठरावाला वर झालेला हात त्या दिवशी खिशात होता.

मला पेटीत टाकलं. पेटीतून दिसत नव्हतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. चरवी लवंडली, शेळीनं लाथ मारली, साधना धावली. साधना म्हणजे प्रभूची बायको. तांब्या चुलीवर पडला, आग विझली. कोपर चौकटीला आपटलं. तव्याची कड दंडाला लागून भाजलं, तेव्हा यशोदाबाई ओरडली नाही, नुसता श्वास आत घेतला. मनगटावर असतो तर तवा जवळ आला हे मी आधी सांगितलं असतं. मी पेटीत जुन्या लुगड्याखाली पडून होतो आणि माझा संताप संताप होत होता.

प्रभूनं तिला हिंगोलीला डॉक्टरकडं नेलं, हे त्याच्या नावावर जमा करतो. घरी येऊन त्यानं साधनाला सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. डॉक्टरांनी डोळे मिटून नाकाला बोट लावायला सांगितलं, तर बोट कानाजवळ गेलं. डॉक्टर म्हणाले, वयानं हाताची जाणीव कमी होते, काही जणांची जास्त होते. व्यायाम दिला, हाताकडं बघून काम करा म्हणाले. तेव्हा यशोदाबाई काहीतरी सांगू लागली.

"माय मधीच कड्याचं काढून राहिली," प्रभू साधनाला म्हणाला. "मी म्हनलो, माय, गप बस, डॉक्टरसाहेब बोलून राहिलेत."

झालं. जगात ज्या एका माणसानं ते ऐकून मान डोलवली असती, त्याच्यापुढं पोटच्या पोरानं तिचं तोंड बंद केलं. प्रभू वाईट नाही, हीच अडचण आहे. वाईट असता तर चार शिव्या घालून मी मोकळा झालो असतो. तो आईला दोन वेळा जेवायला घालतो, औषध आणतो, गार वाऱ्यात बसू देत नाही. फक्त ती बोलली की ऐकत नाही.

हळूहळू तिच्याकडचं एकेक काम गेलं. आधी चूल, मग पाणी, मग शेळ्या. काळी शेळी तेवढी साधनाला जवळ येऊ देईना. तिला यशोदाबाईचीच सवय, दुसऱ्याचा हात लागला की नाचायची. तरी प्रभूनं आईला सांगितलं, तू आता ओट्यावर बस. चांगल्या मनानंच सांगितलं. यशोदाबाई ओट्यावर बसू लागली आणि, साधना प्रभूला सांगायची तसं, सारखी उजव्या हाताकडं बघत राहू लागली, पोर हरवू नये म्हणून आई जत्रेत बघत राहते तशी. नजर काढली की हात कुठंतरी जायचा.

तेव्हा भिकाबाईनं निदान केलं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

"डॉक्टरला काय कळतंय? मसाजी तिच्या हाताला धरून ओढून राहिला. त्याला अजून देव्हाऱ्यात जागा न्हाई भेटली. त्याचा टाक करा, तकलीफ बंद होईल."

"चांदी आनतो," प्रभू म्हणाला.

"आनतो कशाला? कडं पडलंय की पेटीत. बायकोच्या चांदीचा नवऱ्याचा टाक, याच्यापरीस चांगलं काय?"

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं म्हणतात ते हे. मी गेलो म्हणून हात गेला, आणि हात बरा करायला मलाच वितळवायचं ठरलं. पेटी उघडली तेव्हा यशोदाबाई समोर होती. मला बघून तिनं हात पुढं केला. प्रभूला वाटलं आई आशीर्वाद देतेय, त्यानं वाकून डोकं पुढं केलं. तिचा हात त्याच्या डोक्यावरून गेला आणि मी प्रभूच्या खिशात.

हिंगोलीच्या सोनारानं, पुनमचंदनं, मला तळहातावर तोललं. "टाकाला एवढी चांदी कशाला लागते? टाक पातळच असतो. थोडी कापून घेतो, कडं पुन्हा जोडून देतो. म्हातारीला राहील."

मी म्हटलं, हा शहाणा माणूस आहे, आता सुटलो.

"न्हाई न्हाई," प्रभू म्हणाला. "बापासाठी काटकसर नको. सगळी घाला. जाड होऊ द्या."

भट्टीत काय होतं ते सांगत बसत नाही. गोल होतो, गोळा झालो. मग पत्रा झालो, मग ठशावर ठेवून माझ्यावर हातोडी चालली. माझ्या अंगावर घोड्यावर बसलेला, हातात तलवार घेतलेला एक वीर उमटला. मसाजी उभ्या जन्मात घोड्यावर बसला नाही, तो शेळ्यांच्या मागं पायी हिंडला. तलवार सोडा, कोंबडी कापायचीसुद्धा तो दुसऱ्याला सांगायचा. पण माणूस गेला की त्याला घोडा मिळतो.

भंडारा उधळून मला देव्हाऱ्यात बसवलं. भिकाबाई खूष झाली. आता हात सुधारेल म्हणून सगळे यशोदाबाईकडं बघू लागले. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून समई पडली.

ती रोज माझ्यापुढं बसायची. कुंकू लावायला बोट आणायची ते कधी खंडोबाला लागायचं, कधी भिंतीला. मला ओळखत होती ती. तोंडानं मसाजीचं नाव घ्यायची, पण अंगठा माझ्या कडेवरून फिरवायची, आणि तिच्या त्या हातावर माझ्या जागी अजून गोरी पट्टी होती. मी देव असतो तर त्याच वेळी गोल झालो असतो.

ह्या पावसाळ्यात काळी शेळी व्याली. दोन पिल्लं. पहिल्याच दिवशी साधनाला तिनं अशी लाथ मारली की साधना मांडी धरून बसली. शेळीची कास दगडासारखी झाली, ती ओरडू लागली. प्रभू कळप घेऊन डोंगरकडा गावच्या बाजारी गेला होता. यशोदाबाई ओट्यावरून उठली. आत आली, देव्हाऱ्यापुढं उभी राहिली आणि हात न जोडता मला उचललं. जुन्या लुगड्याची चिंधी फाडली, तिच्यात मला गुंडाळलं, दातानं गाठ मारली आणि मनगटाला बांधलं. सैल बांधलं. मग तिनं हात झटकला.

मी हाडावर आदळलो. घोड्याचं तोंड तिच्या कातडीत रुतलं असेल, पण हात कुठं आहे ते तिला कळलं. ती शेळीच्या कुशीला कपाळ टेकवून बसली, मी घसरलो, वळलो, लोंबलो, आणि चरवीत धार वाजली. शेळी गप्प उभी राहिली. कितीतरी महिन्यांनी मी माझ्या कामावर होतो.

साधना दारात होती. साधना सासूला मामी म्हणते. "मामी," ती हळूच म्हणाली, "हातात काय बांधलंय?"

"माझं कडं," यशोदाबाई म्हणाली, वर न बघता.

साधनानं ते कुणाला सांगितलं नाही. त्यानंतर प्रभू बाहेर पडला की साधना स्वतः मला काढून सासूच्या हातात द्यायची, आणि काम झालं की धुऊन जागेवर ठेवायची. बाई शहाणी आहे. पण मला ह्या शहाणपणाचाही राग यायचा. स्वतःचा हात स्वतःच्याच घरात चोरून वापरायचा, हा कुठला न्याय?

चोरी किती दिवस लपणार? एका सकाळी भिकाबाई न कळवता आली, आणि मला शेळीच्या कासेखाली लोंबताना बघितलं. तिनं वाडी गोळा केली. देव हाताला बांधला, देवाला शेळीखाली धरलं, आता घराचं वाटोळं. प्रभू शेतातून पळत आला. आईच्या मनगटावरची चिंधी बघून त्याचा चेहरा उतरला.

"माय, हे काय केलं? बापाला शेळीखाली बांधलं?"

"बापाला न्हाई. ते माझं कडं हाय. त्याच्याबिगर मला हात कळत न्हाई. ओढ्यावर सांगितलं, डॉक्टरापुढं सांगितलं, पेटीपुढं हात पसरला. तुमी ऐकलंच न्हाई. मला याचं कडं करून दे परत."

"टाक मोडत असतेत का कुणी? बापाला मोडू का मी?"

यशोदाबाईनं त्याच्याकडं बघितलं. "बाप मेलाय, प्रभू. मी जिती हाय."

प्रभू खाली बसला. मला वाटतं, पहिल्यांदा त्याला तिचा हात दिसला, दंडावरचे भाजल्याचे डाग दिसले. पण हो म्हणायची छाती अजून होत नव्हती. मग त्यानं ती युक्ती काढली जी इकडची माणसं स्वतः ठरवायची वेळ आली की काढतात. देवालाच कौल लावू, म्हणाला.

रविवारी मला धुतलं, पाटावर भिंतीला टेकवून उभं केलं. ओल्या तांदळाचा एक दाणा माझ्या उजव्या बाजूला चिकटवला, एक डाव्या. उजवा पडला तर मोडायचं, डावा पडला तर पुन्हा कधी नाव काढायचं नाही. भिकाबाई, साधना, शेजारपाजार, सगळे माना पुढं करून बसले. म्हणजे मला वितळवायचं का, हे मलाच विचारत होते. मी आतून ओरडत होतो, मोडा, मोडा. पण दाणा ओला होता आणि मी चांदी. कौल पडेना. ऊन अंगणातून ओट्यावर आलं, तरी दोन्ही दाणे जागच्या जागी.

"देवाची मर्जी न्हाई," भिकाबाई म्हणाली आणि उठायला लागली.

यशोदाबाई उठली नाही. तिनं उजवा हात पुढं केला. पहिल्यांदा हात चुकला, समईला लागला, समई डगमगली, साधनानं धरली. सगळ्यांनी ते बघितलं. यशोदाबाईनं डावा हात उजव्या मनगटाखाली दिला, नजर रोखली, हात हळूहळू माझ्यापर्यंत आणला, आणि उजवा दाणा बोटानं पाडला.

"पडला कौल," ती म्हणाली. "प्रभू, गाडी काढ."

भिकाबाईनं तोंड उघडलं होतं. पण प्रभू उठला. तो गाडीची किल्ली शोधू लागला आणि ती त्याला लवकर सापडेना, कारण डोळे भरले होते.

आत्ता मी यशोदाबाईच्या मांडीवर, पिशवीत आहे. मोटारसायकल हिंगोलीच्या वाटेला लागली आहे. डाव्या हातानं तिनं प्रभूचा खांदा धरलाय आणि उजव्या हातानं पिशवीचं तोंड. माझा राग अजून गेलेला नाही. एवढ्यासाठी एका म्हातारीला स्वतःच देवाचा कौल पाडावा लागला, तो राग मी भट्टीत घेऊन जाणार आहे.

तुमच्याही घरी कुणीतरी म्हातारं माणूस असेल. त्याच्या हातून कप पडेल, भात ताटाबाहेर सांडेल. वय झालं म्हणून त्याला ओट्यावर बसवायच्या आधी एकदा विचारा, तुला हाताला काय लागतं. आणि ते सांगू लागलं की गप बस म्हणू नका.

मसाजी, तुझा घोडा आता जाईल, तलवारही जाईल. तुला त्यांचं काही नव्हतंच. आणि पुनमचंद, तू पहिल्यांदा बरोबर बोलला होतास, म्हणून तुलाच सांगतो: मनगटाचं माप घेऊ नकोस. कडं सैल कर.